सत्ता नसलेल्या सभागृहांसाठी मतदान

इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम परगण्यात पीटरली नावाचं शहर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये ते नव्याने वसवायला घेतलं आणि त्याला पीटर ली यांचं नाव दिलं गेलं. ली ना सरदार होते, ना सेनापती. लहानपणीच कोळशाच्या खाणीत उतरलेला हा माणूस पुढे कामगारांचा नेता झाला आणि १९१९ मध्ये डरहॅम काउंटी काउन्सिलचा, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा परिषदेचा, अध्यक्ष झाला. मजूर पक्षाने बहुमताने जिंकलेली इंग्लंडमधली ही पहिली काउंटी काउन्सिल. खाणवस्त्यांमध्ये स्वच्छ पाणी यावं, राहण्याजोगी घरं उभी राहावीत, यासाठी ली वर्षानुवर्षं झटले. जिल्हा परिषद चांगली चालवली म्हणून एखाद्याचं नाव शहराला मिळावं, इतकं त्या पदाला तेव्हा मोल होतं.

त्याच डरहॅममध्ये १ मे २०२५ रोजी निवडणूक झाली. ९८ जागांपैकी ६५ नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके या स्थलांतरविरोधी पक्षाला मिळाल्या. मजूर पक्षाच्या वाट्याला आल्या ४. ज्या पक्षाने १९२५ पासून २०२१ पर्यंत, जवळपास शतकभर, हा परगणा सलग चालवला, त्याचे सदस्य आता एका मोटारीत बसू शकतात. दक्षिणेला केंटमध्ये हुजूर पक्षाची तीच गत झाली. तिथे ८१ पैकी ५७ जागा रिफॉर्मला मिळाल्या आणि वर्षानुवर्षं सत्तेत असलेला हुजूर पक्ष ५ जागांवर आला. त्या दिवशी इंग्लंडमधल्या २३ काउन्सिलांसाठी मतदान झालं. त्यातल्या १० रिफॉर्मने स्वतःच्या बहुमतावर घेतल्या आणि हुजूर पक्षाच्या हाती एकही उरली नाही.

या निकालाचा अर्थ लावायला लंडनच्या स्टुडिओंमध्ये रात्रभर मंडळी बसली होती. स्थलांतर, ब्रेक्झिट, नायजेल फराज यांची वक्तृत्वशैली, पंतप्रधान कीअर स्टार्मर यांनी वृद्धांच्या हिवाळी इंधन भत्त्यावर फिरवलेली कात्री, असं सगळं चर्चेत आलं. त्यात तथ्य आहेच. पण त्या चर्चेत डरहॅमचे रस्ते नव्हते, केंटमधल्या अपंग मुलांना शाळेत नेणाऱ्या गाड्या नव्हत्या, वृद्धाश्रमांचा खर्च नव्हता. काउन्सिलांची निवडणूक झाली आणि काउन्सिलांविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. मतदारांच्या भ्रमनिरासाचं मूळ मला इथे दिसतं. स्थानिक निवडणूक स्थानिक राहिलेली नाही, हे पक्षांनीच मतदारांना शिकवलं आणि ते घडवूनही आणलं. काउन्सिलांचे पैसे, अधिकार आणि निर्णय एकेक करून लंडनला गेले. मागे उरली ती निवडणूक, आणि तिच्यात मतदार दर वेळी पक्ष बदलून पाहतो. घरासमोरचा रस्ता काही बदलत नाही.

मतदार आळशी झाला आहे, असं एक सोयीस्कर निदान इथे ऐकू येतं. सार्वत्रिक निवडणूक सोबत नसेल तर स्थानिक निवडणुकीत साधारण तिघांतला एकच मत द्यायला जातो, हे खरं आहे. सार्वत्रिक निवडणुकीचंही काही बरं चाललेलं नाही. जुलै २०२४ मध्ये मतदान ६० टक्क्यांच्या आत राहिलं आणि मजूर पक्षाने जेमतेम ३४ टक्के मतांवर ४११ जागा मिळवल्या. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स या जुन्या आणि विश्वासार्ह पाहणीत ४५ टक्के लोकांनी सांगितलं, की कुठल्याही पक्षाचं सरकार पक्षहितापेक्षा देशहित वर ठेवेल यावर आमचा जवळजवळ कधीच विश्वास नसतो. पाहणी सुरू झाल्यापासूनचा हा उच्चांक होता. मत मागायला दारात आलेल्या कार्यकर्त्याला लोक म्हणतात, तुम्ही सगळे सारखेच. या वाक्यावर कार्यकर्ते खट्टू होतात. मला ते वाक्य अनुभवातून आलेलं आणि बऱ्याच अंशी बरोबर वाटतं, कारण काउन्सिलच्या पातळीवर कुणीही आलं तरी त्याला तेच करावं लागतं. ते का करावं लागतं, हे पाहायला बर्मिंगहॅमइतकं बोलकं उदाहरण नाही.

जोसेफ चेंबरलेन १८७३ ते १८७६ या काळात बर्मिंगहॅमचे महापौर होते. त्या तीन वर्षांत त्यांनी गॅस आणि पाणीपुरवठ्याच्या खाजगी कंपन्या शहराच्या मालकीच्या करून घेतल्या, झोपडपट्ट्या हटवून मधोमध नवा रस्ता काढण्याचं काम हाती घेतलं आणि गॅसच्या नफ्यातून शहर सुधारण्याचा पायंडा पाडला. त्यांची पुढची साम्राज्यवादी कारकीर्द आपल्याला रुचणारी नाही. पण शहराने स्वतःचे पैसे उभे करावेत आणि स्वतःच्या लोकांसाठी खर्च करावेत, ही धमक त्या महापालिकेत होती. तिच्यासाठी लंडनची परवानगी घ्यावी लागे, संसदेत कायदा करून घ्यावा लागे, तरी पुढाकार शहराचा असे.

आता ५ सप्टेंबर २०२३ कडे या. ११ लाखांहून अधिक वस्तीच्या याच शहराच्या काउन्सिलने कलम ११४ ची नोटीस काढली. काउन्सिल कायद्याने दिवाळखोर होत नाही, पण ही नोटीस निघाली की कायद्याने बंधनकारक असलेल्या सेवा सोडून नवा खर्च थांबतो. त्यामागे काउन्सिलच्या स्वतःच्या चुका होत्या, यात शंका नाही. आया, सफाई कामगार, स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बायका यांना वर्षानुवर्षं कमी पगार दिला गेला, आणि त्याच श्रेणीतल्या कचरा उचलणाऱ्या आणि रस्त्यांवर काम करणाऱ्या पुरुषांना मात्र बोनस मिळत राहिले. त्या बायका न्यायालयात गेल्या, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या, आणि त्यानंतर काउन्सिलने त्यांना शंभर कोटी पौंडांहून अधिक रक्कम दिली, तरी देणं फिटलं नव्हतं. त्यात नव्या संगणकप्रणालीचा खर्च १ कोटी ९० लाख पौंडांवरून १० कोटींच्या घरात गेला. या चुका मजूर पक्षाच्या काळातल्या होत्या, आणि त्याआधी सत्तेत असलेल्या हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट आघाडीच्या काळातल्याही.

पण चुका सगळ्याच महापालिका करतात. चूक पचवण्याची ताकद बर्मिंगहॅममध्ये का उरली नव्हती, हा खरा प्रश्न आहे. २०१० नंतरच्या दहा वर्षांत केंद्राकडून इंग्लंडच्या काउन्सिलांना मिळणारं अनुदान, महागाई धरून, सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. गरीब शहरांचा भार अनुदानावरच जास्त होता, म्हणून घावही त्यांच्यावरच जास्त बसला. स्वतःचा कर वाढवावा तर तिथेही कुंपण आहे. वृद्ध आणि अपंगांची काळजी घेण्याची जबाबदारी असलेल्या काउन्सिलला एका वर्षात घरपट्टी ५ टक्के किंवा त्याहून अधिक वाढवायची असेल, तर आधी सार्वमत घ्यावं लागतं, नाहीतर मंत्र्यांकडे खास परवानगी मागावी लागते. ती परवानगी बहुतेकदा दिवाळखोरीच्या दारात उभ्या असलेल्यांनाच मिळत आली आहे. बर्मिंगहॅमकरांची घरपट्टी २०२४ मध्ये १० टक्क्यांनी वाढली, पुढच्या वर्षी आणखी ७.५ टक्क्यांनी. दोन वर्षांत ३० कोटी पौंडांची कपात ठरली. लंडनहून नेमलेले आयुक्त येऊन बसले. जवळपास १९ कोटी पौंड खर्चून २०१३ मध्ये उघडलेल्या भव्य ग्रंथालयाच्या वेळा उद्घाटनानंतर दोनेक वर्षांतच कापल्या गेल्या होत्या, आता शाखा-ग्रंथालयांवर कुऱ्हाड आली. मार्च २०२५ मध्ये कचरा कामगार बेमुदत संपावर गेले. महिनाअखेर रस्त्यांवर १७ हजार टन कचरा साचला होता. एकेकाळी लोक ज्या महापालिकेचा कारभार शिकायला येत, तिच्या गल्ल्यांतल्या उंदरांची छायाचित्रं जगभर पोचली.

या शहरातल्या मतदाराने काय करावं? मजूर पक्षाला घरी बसवावं? बसवलं, तर येणाऱ्या पक्षापुढे तेच आयुक्त, तेच देणं, तीच पाच टक्क्यांची मर्यादा.

वोकिंगच्या मतदारांनी हे करून पाहिलं आहे. लंडनजवळचं, लाखभर वस्तीचं हे सुखवस्तू गाव. तिथल्या हुजूर पक्षाच्या काउन्सिलने अनुदान आटल्यावर कर्ज काढून टोलेजंग इमारती आणि हॉटेल उभारलं. भाड्यातून तूट भरून निघेल, असा हिशेब होता. कर्ज २०० कोटी पौंडांच्या आसपास गेलं. २०२२ मध्ये मतदारांनी हुजूर पक्षाला खाली खेचलं आणि लिबरल डेमोक्रॅट्सना निवडलं. जून २०२३ मध्ये कलम ११४ ची नोटीस काढावी लागली ती या नव्या मंडळींना. ज्यांनी कर्ज केलं ते गेले, ज्यांनी ते केलं नव्हतं त्यांच्या हातून स्वच्छतागृहं बंद झाली. लोकशाहीत पक्ष बदलण्याला काही अर्थ असतो, हा विश्वास अशा अनुभवांनी झिजतो. अशा कारभारावर बाहेरून नजर ठेवणारी ऑडिट कमिशन ही संस्था २०१५ मध्ये गुंडाळण्यात आली होती, हेही इथे नोंदवायला हवं. ती गुंडाळण्याची घोषणा करणारं सरकार म्हणालं होतं, काउन्सिलांवर नजर ठेवायला सामान्य नागरिकच पुरेसे आहेत. नागरिकांना माहिती पुरवणारी स्थानिक वृत्तपत्रं त्याच काळात शेकड्यांनी बंद पडत होती.

आता घरपट्टीचंच पाहा. इंग्लंडमध्ये आजही घरपट्टी ठरते ती एप्रिल १९९१ मध्ये त्या घराची किंमत किती होती यावर. तेव्हा जन्मलेली मुलं आज तिशी ओलांडून गेली. ज्या घरांचं बांधकाम काल झालं त्यांचीही किंमत १९९१ च्या हिशेबाने ठरवली जाते. सर्वांत वरच्या श्रेणीतलं घर मधल्या श्रेणीतल्या घराच्या दुप्पट घरपट्टी भरतं, त्याहून जास्त नाही, मग त्याची किंमत पन्नासपट का असेना. परिणाम असा, की लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधल्या महालाची घरपट्टी डरहॅममधल्या मध्यम घरापेक्षा कमी भरते. हे अन्यायाचं आहे, हे प्रत्येक पक्षातल्या जाणत्यांना ठाऊक आहे. तरी तेरा वर्षं राज्य केलेल्या मजूर सरकारने फेरमूल्यांकन केलं नाही, चौदा वर्षं राज्य केलेल्या हुजूर पक्षाने केलं नाही, आणि आताचं सरकारही करत नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात २० लाख पौंडांहून महाग घरांवर २०२८ पासून जादा पट्टी जाहीर झाली. चांगलं पाऊल. पण तिचा पैसा जाणार केंद्राच्या तिजोरीत. वसुली काउन्सिलने करायची, शिव्या काउन्सिलने खायच्या, पैसे लंडनचे.

हा प्रवास एका पक्षाचा नाही. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८४ मध्ये काउन्सिलांच्या करवाढीवर मर्यादा आणली, १९८६ मध्ये ग्रेटर लंडन काउन्सिल आणि सहा महानगर काउन्सिला बरखास्त केल्या, १९९० मध्ये व्यापारी मालमत्तांवरचा कर ठरवण्याचा अधिकार काढून घेतला आणि त्याच वर्षी इंग्लंडवर माणशी कर लादला. त्या कराविरुद्ध ट्रॅफल्गार चौकात दंगल उसळली, आणि त्याच वर्षअखेर थॅचर यांना जावं लागलं. माणशी कर गेला, बाकीचं सगळं राहिलं. त्यानंतर आलेल्या मजूर सरकारने लंडनला पहिल्यांदाच थेट निवडलेला महापौर दिला, पण काउन्सिलांच्या तिजोरीची किल्ली स्वतःकडेच ठेवली. आज ब्रिटनमधल्या एकूण करांचा जेमतेम विसावा हिस्सा स्थानिक पातळीवर गोळा होतो. विरोधी बाकांवर असताना सगळे पक्ष विकेंद्रीकरणाची भाषा बोलतात, सत्तेत आले की ट्रेझरीची, म्हणजे अर्थखात्याची, भाषा बोलायला लागतात.

मग उरलेला पैसा जातो कुठे? मोठ्या काउन्सिलांचा सिंहाचा वाटा दोन गोष्टींवर खर्च होतो: वृद्ध आणि अपंग प्रौढांची काळजी, आणि निराधार किंवा धोक्यात असलेली मुलं. दोन्ही कामं कायद्याने बंधनकारक, दोन्हींचा खर्च दरवर्षी वाढता. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा आणि त्यांना शाळेत नेण्या-आणण्याचा खर्च तर असा वाढला, की त्या तुटीचा आकडा काउन्सिलांच्या मुख्य हिशेबाबाहेर ठेवण्याची मुभा सरकारला द्यावी लागली. या सेवा अत्यंत मोलाच्या आहेत. पण बहुसंख्य मतदारांचा त्यांच्याशी रोज संबंध येत नाही. त्यांना दिसतो तो खड्डा, दोन आठवड्यांनी येणारी कचरागाडी, बंद झालेला पोहण्याचा तलाव, कुलूप लागलेलं तरुणांचं केंद्र. घरपट्टी वाढते आणि दिसणारं सगळं कमी होत जातं. अशा वेळी माणसाला आपण फसवले गेलो असं वाटलं, तर त्याला अडाणी म्हणण्याचा हक्क कुणाला आहे?

रिफॉर्मचं यश या भावनेवर उभं आहे, आणि त्यांच्या काउन्सिलांची कहाणीही याच भिंतीवर येऊन आदळते. उधळपट्टी शोधून काढू, नको ते खर्च बंद करू, असं सांगून ते निवडून आले. केंटमध्ये त्यांच्याच एका पदाधिकाऱ्याने काही महिन्यांत सांगितलं, की सेवांमध्ये कापण्यासारखं आता काही राहिलेलं नाही आणि घरपट्टी बहुधा वाढवावीच लागेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या अंतर्गत बैठकीची चित्रफीत बाहेर आली, भांडणं चव्हाट्यावर आली, सदस्य निलंबित झाले. नॉटिंगहॅमशरमध्ये त्यांच्या नेत्याने स्थानिक वृत्तपत्राच्या वार्ताहरांशी बोलणंच बंद केलं. डरहॅममध्ये हवामान आणीबाणीचा ठराव मागे घेण्यात आला. ठराव करणं आणि रद्द करणं याला पैसे लागत नाहीत, म्हणून काउन्सिला ते उत्साहाने करतात. सगळेच पक्ष करतात. ज्या सभागृहाकडे सत्ता नसते तिथे प्रतीकांवर भांडणं होतात.

रिफॉर्मला मत देणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्या पक्षाच्या स्थलांतरितांविषयीच्या भाषेवर आहे, आणि तो मी लपवणार नाही. डरहॅमच्या वृद्धाश्रमांत रात्रपाळी करणाऱ्यांत केरळमधून आणि महाराष्ट्रातून आलेल्या परिचारिका आहेत. त्या निघून गेल्या तर काउन्सिलचा सर्वांत मोठा खर्च आणखी फुगेल. हे साधं गणित प्रचारात कुणी मांडलं नाही. मजूर पक्षाने तरी कुठे मांडलं?

निवडणूक पद्धतीने या सगळ्याला हातभार लावला आहे. केंटमध्ये रिफॉर्मला मतं सुमारे ३७ टक्के, जागा ७० टक्के. हे पाहून मजूर पक्षाने गळा काढण्यात अर्थ नाही. लंडनच्या बार्किंग आणि डॅगनम काउन्सिलमध्ये २०१० पासून २०२२ पर्यंत सलग चार निवडणुकांत ५१ पैकी ५१ जागा त्यांनीच जिंकल्या. लुईशममध्ये २०२२ मध्ये ५४ पैकी ५४. तिथे दुसऱ्या पक्षांना मत देणारे हजारो लोक राहतात, पण सभागृहात त्यांच्या बाजूने प्रश्न विचारायला एकही माणूस नव्हता. विरोधी बाकच नसलेल्या सभागृहात अंदाजपत्रक मंजूर व्हायला किती वेळ लागत असेल? मे २०२५ मध्ये वेस्ट ऑफ इंग्लंडच्या महापौर हेलन गॉडविन २५ टक्के मतांवर निवडून आल्या. मतदान ३० टक्के. म्हणजे दर तेरा-चौदा मतदारांमागे एकाची पसंती. दोष त्यांचा नाही, त्यांनी नियमाप्रमाणे निवडणूक जिंकली. पूर्वी महापौर निवडताना दुसऱ्या पसंतीचं मत देता येत असे, ते हुजूर सरकारने २०२२ च्या कायद्याने काढून टाकलं. आताच्या सरकारने ते परत आणण्याचं ठरवलं आहे, पण काउन्सिलांच्या निवडणुकीला हात लावायची त्याची तयारी नाही.

आणि हे अशक्य आहे असंही नाही. स्कॉटलंडमध्ये २००७ पासून काउन्सिलांची निवडणूक पसंतीक्रमाच्या प्रमाणशीर पद्धतीने होते. उत्तर आयर्लंडमध्ये त्याहून आधीपासून. वेल्समध्ये प्रत्येक काउन्सिलला ती निवडण्याची मुभा २०२१ च्या कायद्याने दिली. सख्खे शेजारी जे करतात ते फक्त इंग्लंडच्या मतदाराला झेपणार नाही, असं समजायचं का? स्कॉटलंडमध्ये एकाच पक्षाचं राज्य असलेल्या काउन्सिला हा अपवाद झाला. लोकांना आपल्या वॉर्डातल्या तीन-चार सदस्यांपैकी कुणाकडे जायचं हे निवडता येतं. तिथेही पैशांची ओढाताण आहे, तिथेही लोक वैतागलेले आहेत, पण आपलं मत वाया गेलं असं म्हणायचं कारण त्यांना कमी आहे.

पक्षांना कंटाळून काही गावांनी पक्षच नाकारले. सॉमरसेटमधल्या फ्रूम गावात २०११ मध्ये अपक्षांनी एकत्र येऊन टाउन काउन्सिलच्या १७ पैकी १० जागा जिंकल्या. पुढच्या खेपेला सगळ्याच्या सगळ्या १७. लंडनच्या कडेला एप्सम आणि यूएल या भागाच्या काउन्सिलमध्ये १९३७ पासून रहिवासी संघटनांचंच राज्य आहे. नॉटिंगहॅमशरच्या ॲशफिल्डमध्ये स्थानिक अपक्षांचा गट दोन निवडणुका मोठ्या फरकाने जिंकला. फ्रूमबद्दल मला आदर आहे. तिथे काउन्सिलच्या बैठकांना लोक येऊ लागले, सदस्य व्हिपशिवाय एकमेकांशी बोलून निर्णय घेऊ लागले. तरीही हा सगळीकडचा तोडगा आहे असं मला वाटत नाही. टाउन काउन्सिल बागा, सभागृहं, छोटी अनुदानं पाहते, वृद्धाश्रम पाहत नाही. मोठ्या शहराचं अंदाजपत्रक बनवताना कुणाचं कापायचं आणि कुणाला द्यायचं हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला विचारसरणी लागते. शिवाय संसदेत काउन्सिलांसाठी भांडायला अखेर पक्षच लागतात. पक्ष हवेत. स्वतःच्या गावातल्या माणसांना बांधील असलेले हवेत.

दुर्दैवाने वारं उलट दिशेने वाहतं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली. दोन थरांच्या काउन्सिला (वर परगण्याची, खाली त्यातल्या छोट्या भागांच्या) मोडून शक्यतो ५ लाख किंवा त्याहून अधिक वस्तीची एकेक मोठी काउन्सिल करायची, आणि त्यांच्यावर थेट निवडलेले महापौर बसवायचे. सरकार याला विकेंद्रीकरण म्हणतं. कारभार सुटसुटीत होईल, पैसे वाचतील, हे युक्तिवाद मला पटण्यासारखे वाटतात. पण फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार नगरपालिका-ग्रामपालिका आणि जवळपास ५ लाख निवडून आलेले सदस्य आहेत. इंग्लंडमध्ये मुख्य काउन्सिलांचे सदस्य वीस हजारांच्या आतच आहेत, आणि नव्या योजनेत ते आणखी घटणार. आपला काउन्सिलर कोण, तो कुठे राहतो, हे ज्या देशात बहुतेकांना आधीच ठाऊक नाही, तिथे त्याला आणखी दूर नेऊन विश्वास कसा वाढणार?

आणि याच पुनर्रचनेच्या नावाखाली फेब्रुवारी २०२५ मध्ये नऊ काउन्सिलांच्या निवडणुका वर्षभर पुढे ढकलण्यात आल्या. एसेक्स, नॉरफोक, सफोक, सरे, ससेक्सच्या दोन्ही, हॅम्पशर, आइल ऑफ वाइट आणि थरॉक. थरॉकच्या नागरिकांना हे विशेष लागलं असणार, कारण त्यांच्या काउन्सिलने सौरऊर्जेच्या गुंतवणुकीत कोट्यवधी पौंड घालवले होते. निवडणूक लांबवल्याने काय होतं हे मुंबई, पुण्याच्या वाचकांना सांगायला नको. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं ती प्रशासकाच्या हाती राहिली. कारण वेगळं होतं, इंग्लंडमधला विलंब त्या मानाने लहान आहे. पण दोन्हीकडे नागरिकाला कळलं ते एकच: तुमच्या मताविना आमचं अडत नाही. पक्षांवरचा विश्वास उडाला म्हणून हळहळणाऱ्या पक्षांनी स्वतःच्या हाताने निवडणूक पुढे ढकलू नये.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांचा यात थेट संबंध आहे, आणि तो अनेकांना माहीत नसतो. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीरपणे राहणाऱ्या, १८ वर्षं पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकाला काउन्सिलच्याच काय, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. लेस्टरला शिकायला आलेला पुण्याचा विद्यार्थी, रेडिंगमध्ये व्हिसावर काम करणारी नाशिकची अभियंता, हॅरोमध्ये मुलाकडे राहायला आलेले आणि इथेच स्थायिक झालेले आईवडील, सगळ्यांना. नाव मात्र स्वतः नोंदवावं लागतं. इंग्लंडमध्ये २०२३ पासून मतदान केंद्रावर छायाचित्राचा पुरावा दाखवावा लागतो, आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो.

लंडनजवळचं स्लाऊ हे गाव आपल्या लोकांच्या चांगल्या ओळखीचं. तिथे मराठी घरं आहेत, गणेशोत्सवाला गर्दी होते. त्या गावाच्या काउन्सिलने जुलै २०२१ मध्ये कलम ११४ ची नोटीस काढली आणि २०२३ मध्ये घरपट्टी जवळपास १० टक्क्यांनी वाढवली. ती मराठी घरांनीही भरली. व्हिसावर असलेल्यांनीही भरली. पैसे भरणाऱ्याने ते कुठे गेले हे विचारणं हा त्याचा हक्क आहे, आणि विचारण्याची जागा आहे दारात आलेला उमेदवार.

त्याला खड्ड्यांबद्दल जरूर विचारावं, पण तेवढ्यावर सोडू नये. घरपट्टीचं १९९१ चं मूल्यांकन बदलायला तुमचा पक्ष तयार आहे का? काउन्सिलला स्वतःचा कर ठरवू द्यायला तुमचे खासदार संसदेत मत देतील का? पसंतीक्रमाची पद्धत इंग्लंडमध्ये आणण्याबद्दल तुमचं मत काय? आणि आपल्या वॉर्डातलं ग्रंथालय बंद करण्याचा ठराव तुमच्याच पक्षाने आणला, तर व्हिप झुगारून त्याविरुद्ध हात वर कराल का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक उमेदवार आधी हसतात आणि मग विषय पंतप्रधानांवर नेतात. तो तिकडे नेऊ देऊ नये, पुन्हा ग्रंथालयावर आणावा.